प्रमिलाबाईच्या खानावळीला चाकं लागली

सुरतच्या उधन्यात एका बंद मिलच्या मागच्या भिंतीला चिकटून एक जुनी शहर बस पडलेली होती आणि त्या बसमध्ये प्रमिलाबाई राहायची. राहायची, रांधायची आणि आसपासच्या लूमच्या कारखान्यांमधल्या खानदेशी पोरांना दोन्ही पाळ्यांचं जेवण घालायची. बसला चाकं नव्हती. पोटावर बसल्यासारखी ती मातीत रुतली होती. एका बाजूला मिलची भिंत, दुसऱ्या बाजूला अगदी हातभर अंतरावर लाइटचा डीपी, दिवसरात्र घूं घूं करणारा, आणि मागे खाडी. तोंड तेवढं रस्त्याकडे. आतल्या सीटा कधीच गेल्या होत्या, तिथे आता चूल, पिठाचे डबे, भाकऱ्यांची टोपली आणि जेवणाऱ्यांसाठी गोणपाटं. फक्त ड्रायव्हरची सीट आणि स्टिअरिंग जागेवर होतं, कारण ते लोटूने कोणाला काढूच दिलं नव्हतं.

लोटू म्हणजे तिचा नवरा. आधी ह्याच शहरात तो लाल बस चालवायचा. स्टेशन ते उधना, स्टेशन ते रांदेर, सगळे रस्ते तोंडपाठ. मग पाठीचा मणका सरकला, डॉक्टरने अनफिट लिहिलं आणि माणूस घरी बसला. घरी बसला म्हणजे अक्षरशः बसला, बोलेना, धड जेवेना, उन्हात बाहेर बघत राहायचा. त्याच्या काळातल्या बसेस लिलावात निघाल्या तेव्हा भंगारवाल्याच्या मागे लागून लागून त्याने एक सोडवून आणली, इंजिन काढलेली, पण बाकी अख्खी. आणि प्रमिलाबाईला म्हणाला, हे आपलं घर.

तिने काय केलं असेल? तिने अट घातली.

"पहिले चाकं काढा," ती म्हणाली, "मंग मी मझार पाय ठेवसू."

चाकं काढल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही. लोक हसले, पण तिचं बरोबर होतं. तिचा बाप पारोळ्याकडे सालदार होता, साल धरून दुसऱ्याच्या शेतात राबायचा. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल संपायचं, मालक बदलायचा आणि ह्यांचं बिऱ्हाड बैलगाडीत. चार गाडगी, एक गोधडी, एक शेळी. नव्या मळ्यात झोपडीला सारवून झालं की तिला वाटायचं आता इथेच, आणि पुढच्या आखाजीला पुन्हा गाडी दारात उभी. गाडीच्या चाकाचा करकर आवाज आला की ती गोधडीत तोंड खुपसायची. लग्न करून सुरतला आली तर इथेही तेच, ह्या चाळीतून त्या चाळीत. म्हणून चाकं काढून घेतली तिने. विटा लावल्या, खालून माती भरली, पत्र्याच्या जमिनीवर शेणमातीचा जाड थर दिला आणि दाराशी तुळस लावली. प्लेगच्या साली अर्धं सुरत पळालं, पोरं गाडीच्या टपावर बसून गावाला गेली, लोटूसुद्धा चल म्हणत होता. ती हलली नाही. रिकाम्या गल्लीत एकटीची चूल पेटवून बसली.

प्लेग गेला आणि मग दबाणवाले आले. रस्त्यावरची अतिक्रमणं काढणाऱ्यांना इथे सगळे दबाणवालेच म्हणतात. शहर साफ करायचं होतं, त्यांनी टपऱ्या पाडल्या, ओटे फोडले, पक्क्या घरांचाही पुढचा हात-दोन हात भाग कापून नेला. बसकडेही आले. पण जेसीबीचा हात फिरवायला जागाच नाही, इकडे भिंत तिकडे डीपी. गॅसकटर लावावा तर ठिणगी डीपीवर जाणार. ओढून काढावी तर चाकं नाहीत, मातीत रुतलेली. त्यांनी दोर बांधून एकदा ओढूनही पाहिली, दोर तुटला. साहेब म्हणाला, जाने दो, बाद में देखेंगे. प्रमिलाबाईने त्या दिवशी पोरांना भाकरीबरोबर शेवभाजी फुकट वाढली.

आणि मग हितेश आला.

हितेश इंजिनीअरिंगला होता, गुजराती पोरगा, अडाजणहून स्कूटरवर यायचा, गळ्यात कॅमेरा. त्याला आणि त्याच्या दोनतीन मित्रांना जुन्या बसचं वेड होतं. कोणती बस कोणत्या साली आली, कोणत्या बॉडीवाल्याने बांधली, सगळं पाठ. पहिल्यांदा आला तेव्हा बसच्या नाकावरून हात फिरवत राहिला, जसा माणूस घोड्याच्या तोंडावरून फिरवतो.

"मासी," तो म्हणाला, "इस मॉडल की पूरे सुरत में यही एक बची है. बाकी सब यार्ड में कट गई."

ती जपली पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या पोरांनी बघितली पाहिजे. प्रमिलाबाईला त्याचा राग येईना हीच पंचाईत होती. गोड पोरगा होता. गोणपाटावर बसून ठेचा खायचा, डोळ्यांतून पाणी काढत अजून मागायचा. आणि लोटू, जो कित्येक वर्षं धड बोलला नव्हता, तो हितेशबरोबर दुपार दुपार बोलायला लागला. क्लच कसा दाबायचा, पुलाच्या चढावर कोणता गिअर, सगळं. प्रमिलाबाई चुलीपाशी बसून ऐकायची आणि तिला बरंही वाटायचं आणि भीतीही वाटायची, आणि भीती कसली ते तिला सांगता येत नव्हतं.

ते कळलं तेव्हा टेम्पोतून चाकं उतरत होती.

हितेशने कुठल्याशा भंगारातून शोधून आणली होती, टायरसकट, खास ह्याच मॉडेलची. चाकं लावायची, रंग द्यायचा, फोटो काढायचे, मोठमोठ्या लोकांना दाखवायचे, मग कोणी हिला हात लावणार नाही असं त्याचं म्हणणं. लोटू चाकांभोवती फिरत होता आणि टायरवर अंगठा दाबून दाबून बघत होता.

"कुंदनना बाप," प्रमिलाबाई हळूच म्हणाली. लग्न होऊन गेलेल्या थोरल्या पोरीच्या नावानेच ती नवऱ्याला हाक मारायची. "कसाले लावतस चाकं? आपले कोठे जानं शे?"

"जानं कोठेच नही," लोटू म्हणाला. "पन बस शे ती. तिले अशी लंगडी काय ठेवतीस?"

कुठे जायचं नाही तर चाकं कशाला, हे ती पुन्हा विचारणार तोवर तो जॅक आणायला वळला होता.

जॅक लावले. बस वर उचलली गेली तसे तिच्या पोटाखालून उंदीर बाहेर पडले, एक नाही दोन नाही, मोठाले, पिल्लांसकट, आणि सरळ खाडीकडे पळाले. प्लेग बघितलेली गल्ली होती ती. बाया दारं लावून आत गेल्या. आत शेणमातीची जमीन मधोमध तडकली, डब्यांची उतरंड घसरली आणि डाळीचं पातेलं चुलीवरून कलंडून सगळी डाळ दारापर्यंत वाहत गेली. प्रमिलाबाई ती पुसत होती आणि खाली हितेशचे मित्र टाळ्या वाजवत होते, एक चाक बसलं म्हणून. चाकांखाली माती मऊ होती, टायर कुजू नयेत म्हणून हितेशने स्वतः घमेल्याने खडी आणून टाकली, रस्त्यापर्यंत छान सपाट करून दिली. इतक्या प्रेमाने की काही बोलायची सोयच नाही.

संध्याकाळच्या पाळीची पोरं जेवायला आली तर दारात पायऱ्या. सुकलाल, जो सगळ्यात वात्रट, म्हणाला की मावशी, आता खानावळ थेट अमळनेरला घेऊन जा, आमच्या बायकापण जेवतील. सगळे हसले. प्रमिलाबाई हसली नाही. त्या दिवसापासून रस्त्यावरून ट्रक गेला की तिचं घर हलायचं. किंचितच. ताटातली आमटी थरथरायची. आधी तिने कधीच जे ऐकलं नव्हतं ते ती ऐकायला लागली, खालून येणारा बारीक करकर आवाज.

मग पेपरात फोटो आला. गुजराती पेपर, आतल्या पानावर, नवा लाल रंग दिलेली बस, समोरून चकाचक, आणि स्टिअरिंगवर हसणारा लोटू. लोटूने तो कापून काचेला आतून चिकटवला. लोक बघायला येऊ लागले, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं, पेन्शनर, सगळे चांगलं चांगलं बोलायचे. पण एक माणूस आला तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. इकडे आलाच नाही, विडी संपेपर्यंत बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तोच टेप घेऊन आला आणि बस आणि डीपीमधलं अंतर मोजलं. तिने विचारलं तर म्हणाला, लाइटवाला आहे. खिशात साधी पकडसुद्धा नव्हती त्याच्या.

तिने हितेशला सांगितलं, बाबा, फोटो झाले, आता काढ ती चाकं. तो म्हणाला, मासी, थोडे दिन रुको, एक मोठा माणूस बघायला येणार आहे, तो बघून गेला की बस कायमची वाचली. त्याची परीक्षा जवळ आली होती, त्यानंतर तो दिसलाही नाही. तिने चाकांपुढे विटा रचल्या. लोटूने उचलून बाजूला ठेवल्या, म्हणाला शोभा जाते.

मग एका दुपारी लोटू जळणाला गेला होता तेव्हा ती दाभण घेऊन खाली उतरली. टायर फोडणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने हवेच्या नळीतली कांडी दाबून धरली. फुस्स करत हवा निघाली, कढत रबराचा वास आला आणि हळूहळू एक कोपरा खाली बसला. तिला इतकं हलकं वाटलं, इतकं, की कोण आलंय तेही कळलं नाही. ती दुसऱ्या चाकाकडे वळली तर लोटू उभा.

तो ओरडला असता तर तिने पुढच्या चाकाचीही हवा सोडली असती. ती तयार होती भांडायला. पण तो ओरडला नाही. लाकडाची मोळी खाली टाकली आणि मातीत बसून रडायला लागला, नोकरी गेली तेव्हा नाही, आई गेली तेव्हा नाही, तो त्या बसलेल्या टायरवर हात ठेवून रडला. तिने कधीच बघितलं नव्हतं त्याला असं. तिच्या हातातला दाभण खाली गेला. ती आत जाऊन पीठ मळायला बसली. थोड्या वेळाने बाहेरून पायपंपाचा आवाज यायला लागला, फस् फस् फस्, आणि घर पुन्हा वर आलं. तिला तेव्हाच कळलं, आता हे घर जाणार. कोणी सांगायची गरज नव्हती.

दबाणवाले सकाळी आले, दिवसपाळी आणि रातपाळी बदलायच्या वेळेला. ह्या वेळी जेसीबी नव्हता, फक्त एक मोठा ट्रक आणि लोखंडी दोर. साहेब नवा होता, सभ्य होता, आवाज चढवत नव्हता. लोटूने धावत जाऊन काचेवरचं कात्रण काढून त्याच्यापुढे धरलं, बघा साहेब, ही जपायची बस आहे.

साहेब हसला. "जोयुं छे काका. पेपरमां जोईने ज आव्या." मग चाकांकडे बघून म्हणाला, "तमे तो तैयार करीने राखी छे." म्हणजे पेपरात बघूनच ते आले होते, आणि बस ओढून न्यायला ह्यांनीच तयार करून ठेवली होती.

चूल विझवायला सांगितली, आणि वेळ दिला, खोटं कशाला बोलायचं. प्रमिलाबाईने आणि पोरांनी हाताला लागलं ते बाहेर काढलं, पण किती काढणार. डबे, गोधड्या राहिल्या आतच. समोरून लोखंडी दोराने ट्रकला टोचन बांधलं. स्टिअरिंग धरायला त्यांनी आपल्यातलाच एक मजूर वर बसवला, आयुष्यात सायकलशिवाय काही न चालवलेला. ट्रकने ओढ दिली आणि त्या छान सपाट केलेल्या खडीवरून घर निघालं. काहीच अडलं नाही. लोण्यातून सुरी निघावी तसं.

आणि निघाल्याबरोबर ते डीपीकडे वळलं. मजुराने स्टिअरिंग धरलंच नव्हतं, तो घाबरून दांडी धरून बसला होता. पत्रा तारांच्या दिशेने जाताना दिसला आणि सगळी गल्ली मागे सरली. फक्त लोटू पुढे धावला, मोडकी पाठ घेऊन. चालत्या बसच्या पायरीवर चढला, त्या मजुराला बकोटीला धरून सीटवरून ओढलं आणि स्वतः बसला. दोन्ही हातांनी, अख्ख्या अंगाने त्याने ते स्टिअरिंग फिरवलं. बस सरळ झाली. डीपीला वीतभर ठेवून, भिंतीला ओरखडाही न लावता ती बाहेर आली, इतकी सुरेख की सुकलालच्या तोंडून शिट्टी गेली. मग सुकलालने प्रमिलाबाईकडे बघितलं आणि मान खाली घातली.

लोटू तिच्याकडे बघत नव्हता. पुढे बघत होता. त्याची पाठ ताठ होती.

पुढे मोठा रस्ता. उजवीकडे वळायचं होतं आणि हजीऱ्याकडे जाणारे टँकर भरधाव येत होते. बसला ब्रेक नव्हता. हे दबाणवाल्यांना सुचलं नव्हतं, पण प्रमिलाबाईला कळलं, बसवाल्याची बायको होती ती. लोटूने खिडकीतून हात बाहेर काढला आणि वळणाचा इशारा दिला, कोणीच बघत नव्हतं तरी दिला.

प्रमिलाबाई धावली. पदर खोचून, अनवाणी, बसच्या पुढे, ट्रकच्या पुढे, थेट मोठ्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि टँकरसमोर हात वर केला. टँकर कचकचत थांबला. मागे रिक्षा थांबल्या, शिव्या आल्या.

"येऊ द्या," ती ओरडली. "येऊ द्या, येऊ द्या."

तिचं घर तिच्या समोरून वळून गेलं. मागच्या काचेतून पिठाचे डबे हलताना दिसले. यार्डाकडचा रस्ता तो, जिथे बाकीच्या सगळ्या कापल्या होत्या. बस दिसेनाशी झाली, रिक्षावाले हॉर्न मारत होते, टँकरवाला खिडकीतून काहीतरी विचारत होता, आणि ती तशीच रस्त्यात उभी होती, हात वर धरून.