आडव्याचा उभा झालेला ढग

अंधेरीच्या प्रयोगशाळेत मी नवीन होते. ताई म्हणजे माझी सिनियर, भांडुपची, पीएचडी संपत आलेली. रुबिडियमचे अणू लेझरने जवळजवळ थांबवायचे, चुंबकी सापळ्यात धरायचे आणि त्यातले जास्त पळणारे हाकलत राहायचं. उरलेले इतके गार होतात की शेवटी सगळे मिळून एकच लाट असल्यासारखे वागतात. अशा एकजीव ढगाला कंडेन्सेट म्हणतात, आणि तोच आम्हाला हवा होता.

एका दुपारी पडद्यावर अणूंच्या ढगाच्या मधोमध टोकदार सुळका आला. मी ओरडलेच. आमचे मार्गदर्शक सर धावत आले, ‘झकास!’ म्हणाले आणि पेढे मागवले. ताई पडद्यासमोरून हलली नाही.

“पेढे खा गं, पण हे ते नाही.”

“अगं, सुळका दिसतोय ना!”

“मधे गर्दी झाली की दिसतोच. सापळा सोडून बघू.”

सापळ्यात ढग काकडीसारखा आडवा असतो. सापळा बंद केला की साधा गार ढग पसरून गोल होतो. कंडेन्सेट मात्र जिथून जास्त दाबलेला, तिथूनच जोरात फुलतो. आडव्याचा उभा होतो. आमचा गोल झाला.

“मी सगळीकडे कळवलंय,” सर म्हणाले.

“मग परत कळवू, सर. अजून झालं नाही म्हणून.” ताई म्हणाली. मी तिच्या जागी असते तर सुळक्याचाच फोटो दाखवून मोकळी झाले असते.

पुढचे कित्येक आठवडे ती लेझर जुळवत बसली. “घाई होतेय आपली,” एकदा म्हणाली. “हाकलल्यावर उरलेल्यांना आपसात निवायला वेळच देत नाही.” तिने तो वेळ वाढवला, आणि एका सकाळी ढग उभा झाला. मी तिला मिठीच मारली. फोटो काढताना पडणाऱ्या उजेडानेच कंडेन्सेट विरतो, म्हणून तिने लगेच दुसरा केला. तोही उभा. मग तिसरा. तेव्हा कुठे तिने सरांना हाक मारली. त्यांनी तिन्ही फोटो पाहिले आणि म्हणाले, “त्या दिवशी तू थांबवलंस, बरं केलंस.”

जेवायच्या सुट्टीत तिने वडिलांना फोन लावला, स्पीकरवर, आणि कंडेन्सेट जमल्याचं सांगितलं.

“टिकता किती येळ?” त्यांनी विचारलं.

“काही सेकंद, बाबा.”

“मगे उद्या परत कर गो.”

“करणारच आहे,” ती म्हणाली आणि डबा उघडला.