विजूदादाची तापणारी पेटी

विजूदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी किरनापुरात बोर्डाच्या परीक्षेच्या ड्यूटीवर होतो. शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर बायको एवढंच बोलली, "विजूभाऊजींच्या सकाळी छातीत दुखलं आणि... सगळं संपलं. लवकर या." बसनं बालाघाटला उतरलो आणि सरळ त्याच्या घरी जायचं सोडून बॅटरीच्या दुकानात शिरलो. बॅटरीत घालायच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेतला. दादानं दोन दिवसांपूर्वी सांगितलं होतं ना, येताना घेऊन ये म्हणून! तो कॅन घेऊन मी दारातल्या गर्दीत उभा, तर शेजारच्या एका आजोबांनी हळूच विचारलं, "गंगाजल होय का?" मी नाही म्हणालो. मग काय आहे, ते काही केल्या सांगता येईना. शेवटी वहिनीच उठल्या, माझ्या हातातून कॅन घेतला आणि दुकानात नेऊन त्याच्या जागेवर ठेवला... तेव्हा मला रडू फुटलं.

दादा माझा चुलतभाऊ, आठ वर्षांनी मोठा. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं कूलर-फ्रीज दुरुस्तीचं दुकान. कूलर गार हवा देत नाही अशी तक्रार आली, की तो आधी कूलर नाही, खोली पाहायला जायचा. खिशात उदबत्तीचा पुडा. एक पेटवून कूलरपुढे धरायची, धूर कुठे जातो ते पाहायचं आणि बंद खिडकीकडे बोट दाखवायचं. "साहेब, हवा आत आली तर तिले जायलेही वाट पाहिजे का नाही? पाहुण्याले काय कोंडून ठेवता?" खिडकी उघडली की निम्मे कूलर तिथल्या तिथे बरे व्हायचे.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. गरम हवा कुठे जाते यावर माझी तीन पानांची टिपणं आहेत, आणि मुलं ती पाठ करतात. पुढे जे झालं त्यात ही तीन पानं कुठे होती, ते मला विचारू नये.

दादाची एकुलती मुलगी रश्मी. ती इंजिनीअरिंगला नागपूरला गेली ते दादाच्या मनाविरुद्ध. दोन-तीन महिने बापलेक कामापुरतंच बोलले. मग दिवाळीत तिनं सांगितलं, की गाड्यांच्या शर्यतीचे खेळ खेळता येतील असा दमदार कॉम्प्युटर हवा, पण बसमध्ये मांडीवर मावेल एवढाच. दादानं तोवर कॉम्प्युटर बँकेच्या काउंटरपलीकडूनच पाहिलेला. त्यानं एकच प्रश्न विचारला, "गरम किती होते तो?"

आतलं सामान रश्मीनं नागपूरहून आणलं. पेटी दादानं पत्र्याची केली, हातभर लांब, वीतभर उंच. तेवढ्या जागेत सगळं कोंबलं, तर चहा ठेवावा असा ताप. "पाणी फिरवू," दादा म्हणाला. तांब्याचा जाड तुकडा आतून कोरून त्यानं तो मुख्य चिपवर बसवला, मासे पाळायच्या टाकीतला पंप आणला, जुन्या एसीतली तांब्याची कॉइल कापून तळहाताएवढी केली, आणि नळ्यांतून बॅटरीचं पाणी खेळवलं. साध्या पाण्यानं आत क्षार धरतात म्हणे. नळ्यांत बुडबुडे अडकले की पेटी मांडीवर तिरपी घेऊन थोपटत बसायचा. "लेकराले ढेकर काढून राह्यलो, मास्तर," असं वर मलाच ऐकवायचा. पंखे दोन. पुढचा बाहेरची हवा आत ओढणारा, मागचा कॉइलवरची गरम हवा बाहेर फेकणारा. मागच्याचे स्क्रू फार आत होते, दादाची बोटं जाड. म्हणाला, "मास्तर, तुझी खडू धरायची बोटं कामाले लाव जरा." मी मोठ्या ऐटीत पंखा बसवला.

कॉम्प्युटर चालला. अर्धा तास! मग तापून बंद. रश्मी तसाच घेऊन गेली आणि महिन्याभरानं पेटी मांडीवर घेऊन परत आली. "बाबा, फिर से बंद हो रहा है." दादा पेटी उघडायचा, पाणी बदलायचा, नळीचं वळण बदलायचा, कॉइल बोटभर वर सरकवायचा. शनिवार-रविवार दोघं त्या पेटीत डोकं घालून असायचे आणि अबोला कधी संपला ते कुणाला कळलंही नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. असं दीड वर्ष चाललं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वहिनी न विचारताच कणीक जास्त भिजवायच्या.

शेवटच्या खेपेला मात्र रश्मी चिडली. "बाबा, तुमच्यानं नाही होत तर सांगा न! मी नागपूरलाच दाखवते." दादा हसून म्हणाला, "दाखव न." दोन आठवड्यांत तो गेला. ती पोरगी तेरा दिवस त्या एका वाक्यासाठी रडत होती.

तेराव्यानंतर तिनं पेटी माझ्यापुढे ठेवली. "काका, एकदा पाहून द्या." मला काय समजणार? दुकानात पुडा होता, त्यातली उदबत्ती पेटवली. पुढच्या पंख्यापाशी धूर आत गेला. बरोबर. मागच्या पंख्यापाशी धरली, तर तिथेही धूर आतच! टॉर्च मारून पाहिलं. पंख्याच्या कडेला हवेची दिशा दाखवणारा बारीक बाण असतो, तो आतल्या बाजूला होता. दोन्ही पंखे हवा आत कोंबत होते, आणि मागचा मी बसवलेला होता.

ज्या माणसानं उभ्या गावाच्या खिडक्या उघडल्या, त्यानं दीड वर्षात या पंख्यापुढे एकदाही उदबत्ती धरली नसेल? धरली असेल, तर मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसला? की पंखा सरळ झाला असता, तर रश्मीचे ते शनिवार... कॉइलखाली राखेचा एक बारीक तुकडा दिसला. दादाच्या उदबत्तीचा असेल म्हणावं, तर तो आत्ता माझ्याच उदबत्तीचा पडलेला असू शकतो. मुलांना मी पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू देत नाही. इथे मला पुरावाही ओळखू येईना.

पण रश्मीला सांगणं भाग होतं. तिच्या मनात बाप हरलेला राहायला नको. म्हणालो, "बेटा, तुझा बाप नाही चुकला. पंखा उलटा आहे, अन् तो मी लावला. दोन मिनिटांत सरळ करतो."

"माहीत आहे, काका."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. बाण दिसतो न."

"मग दादाले काहून नाही सांगितलं?"

तिनं पेटीचं झाकण हळूच लावलं. "बाबांना नसेल का माहीत?" तिनं मलाच विचारलं. मी पुन्हा पेटी ओढायला लागलो, तर म्हणाली, "राहू द्या न, काका. बस सुटेल." आणि पेटी उचलून निघाली.

परवा तिचा फोन आला. "काका, फिर से गरम हो रहा है. शनिवारी घेऊन येते." हौ म्हणालो. तपासायच्या पेपरांचे गठ्ठे टेबलावरून खाली ठेवलेत, हातभर जागा झाली आहे. वहिनींना कळवलं आहे. आणायचा राहिला आहे तो मागच्या पंख्याचे आतले स्क्रू काढायला लांब दांड्याचा पेचकस. आज बाजारात हत्यारांच्या दुकानासमोर उभा होतो, आणि परत आलो. विसरलो की मुद्दाम आणला नाही, ते माझं मलाच सांगता येत नाही.