उशिरा आलेली माया

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शिंपीणबाईंच्या कामाला नाव ठेवायला कुठे जागा नसायची. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मूल झालं नाही. मग नवरा-बायकोने दत्तक घ्यायचं ठरवलं, तीन वर्षं वाट पाहिली आणि बाईंच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पाच महिन्यांची मुलगी घरी आली.

नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. तो पहिल्याच दिवशी विरघळला. तिला ‘लोणीबाई’ म्हणायचा, पोटावर नाक घासून हसवायचा. शिंपीणबाईंना मात्र काहीच वाटेना.

दूध वेळेवर, अंघोळ वेळेवर, लस वेळेवर. कशात म्हणून कसूर नव्हती. पण आतली पाटी कोरी. गिऱ्हाइकाचं भारी कापड हाताळावं तशी त्या मुलीला टॉवेलात गुंडाळून जपून उचलायच्या आणि काम झालं की पाळण्यात ठेवायच्या. थोरली जाऊ शेजारच्याच घरात राहायची. ती मनाने वाईट नव्हती, फक्त जिभेला हाड नव्हतं. एकदा सहज म्हणाली, “पोटचं ते पोटचं गं. दूध उतरतं तेव्हाच माया उतरते.” हे बाईंच्या मनात जे रुतून बसलं ते निघेना. नवऱ्याला सांगायची तर सोयच नव्हती.

दोन महिन्यांनी दत्तक संस्थेतून फोन आला. गुरुवारी सकाळी एक मॅडम पाहणीला येणार. आता आपलं पितळ उघडं पडणार, मुलीला घेऊन जाणार, या धास्तीने बाईंच्या घशाखाली घास उतरेना.

मॅडम आल्या तेव्हा बाईंनी मुलीला टॉवेलात गुंडाळून कडेवर घेतलं होतं. “या बघू,” म्हणत त्यांनी हात पुढे केले. मुलीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, ओठ काढला, गर्रकन वळली आणि बाईंच्या खांद्यात तोंड खुपसून त्यांच्या गळ्याजवळचा पदर मुठीत घट्ट धरला.

“अगं बाई, इतकी भयंकर दिसते का मी?” मॅडम हसल्या आणि वहीत काहीतरी लिहू लागल्या.

शिंपीणबाईंचा बांध फुटला. “ती येते हो माझ्याकडे, पण मलाच काही वाटत नाही. मी नुसती कामं उरकते. पण तिला नेऊ नका!”

“नेतंय कोण? बसा आधी,” मॅडमनी पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला. “बाळंतपणात आणि अंगावर पाजताना ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं, हे खरं आहे. पण तो काही बाळंतिणीचा मक्ता नाही. जवळ घेतलं, खेळवलं, की बापाच्या अंगातही ते वाढू शकतं, दत्तक आईच्याही. आणि सगळा भार एकट्या संप्रेरकावर थोडाच असतो? ओळख व्हायला वेळ लागतो. माझा लेक तर माझ्या पोटचा, तरी चार महिने मला तो पाहुणाच वाटायचा.”

“खरंच?”

“खोटं कशाला सांगू? तो टॉवेल ठेवा बाजूला. रोज थोडा वेळ तिला छातीशी घेऊन नुसत्या बसा.”

“नुसतं बसणं मला जमत नाही हो.”

“ते दिसतंच आहे! आणि तरीही मन जड राहिलं तर लपवू नका, फोन करा. डॉक्टरांना भेटू.”

त्या दिवशी शिंपीणबाई फोन आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवल्या. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, “वेडी गं वेडी. एकटीच कुढत बसलीस!”

दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी मशीन बंद करून मुलीला घेऊन बसू लागल्या. सुरुवातीला नजर सारखी घड्याळाकडे जायची. पुढे कधीतरी दोघींना तिथेच डुलकी लागायला लागली.

महिना गेला. शाळा उघडायला आठवडा उरला होता, गणवेशांचा ढीग तसाच पडलेला. जाऊबाई म्हणाली, “दे इकडे पोरीला, तासभर सांभाळते.” बाईंनी दिली आणि मशीनवर बसल्या. एक कॉलर उलटी लागली. ती उसवली, पुन्हा उलटी लागली. पाव तासही झाला नसेल, त्या उठल्या आणि एका पायात स्वतःची, दुसऱ्यात नवऱ्याची चप्पल घालून जाऊबाईच्या दारात उभ्या राहिल्या.

“काय गं, काय विसरलीस?”

“हिला,” शिंपीणबाई म्हणाल्या आणि हात पुढे केले.

जाऊबाईने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. मग शिंपीणबाईही हसल्या. हसता हसता डोळे भरून आले, तशा त्या मुलीला छातीशी धरून तिथेच पायरीवर बसल्या.