दुमडलेल्या कडेखालचं नाव

तुमच्या चौकातल्या फ्लेक्सवर बिननावाचा एक तरी चेहरा दाखवता येईल का तुम्हाला?

नाही येणार. जुन्या जालन्यातल्या एका छपाईच्या दुकानात तीन वर्षं मीच ती नावं टाकत होते. वाढदिवस असो की निधन, साहेबांच्या पुतण्याचं नाव हातभर उंच.

एकदा दुकानाच्या शेठना एका नव्या दवाखान्यासाठी कॅनव्हासवर छापलेली सहा चित्रं हवी होती. "मोबाइलवरून उचल काहीतरी," ते म्हणाले. मी पत्रकं वाचत वाढलेली. वडील मोर्च्यांची पत्रकं घरी आणायचे, त्यांच्यावरच मी अक्षरं गिरवली. चोरीचं छापणार नाही, असं मी म्हणाले आणि शेठना भोकरदनला माझ्या चित्रकलेच्या बाईंकडे नेलं.

बाई त्रिकोण, चौकोन, वर्तुळं काढत. गुण्या लावून मारलेल्या रेघा, सपाट रंग. झाड नाही, माणूस नाही. गल्लीतले लोक त्यांना 'पतंगवाल्या बाई' म्हणत. शाळेत मात्र नोकरीभर त्यांनी पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावं रंगवली.

"बाई, काय घ्याल?" शेठनी विचारलं.

"काही नको. खाली कोपऱ्यात माझं नाव हाये, तेवढं ऱ्हाऊ द्या."

"बिलकुल ऱ्हाईल."

चित्रांचे फोटो काढून फाइल मी केली. हात फ्लेक्सवर बसलेला, त्यामुळे नाव होतं तिथंच, अगदी टोकाशी ठेवलं. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून ठोकतात, चारी बाजूंनी दोन-दोन बोटं कापड मागं दुमडतं, हे ध्यानातच आलं नाही. चौकटी ठोकून झाल्या तेव्हा सहाही चित्रांवरचं नाव खालच्या कडेवर गेलं होतं, समोरून दिसत नव्हतं.

"शेठ, परत छापू. चूक माझी हाये."

"येडी झालीस का? परवा उद्घाटन हाये. अन् चित्राला नाव कशाला लागतं? ते काय वाढदिवसाचा बॅनर हाये?"

त्याच दुपारी उद्घाटनाचा फ्लेक्स मात्र आम्ही पुन्हा छापला. एका नेत्याच्या नावापुढचं 'मा.' राहून गेलं होतं.

उद्घाटनाला बाई एसटीनं आल्या, इस्त्रीची साडी नेसून. पहिल्या चित्राचा कोपरा पाहिला. दुसऱ्याचा पाहिला. सहाव्यापाशी वाकल्या आणि मान वाकडी करून खालून पाहू लागल्या. डॉक्टर हसत जवळ आले.

"आवडलं का, मावशी? बाहेरून मागवलंय."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. शेठ समोसा खात होते. माझ्या पिशवीत त्या दिवशीसुद्धा पत्रकं होती. अन्याय दिसला तिथं बोला, असं सांगणारी, मीच लिहिलेली. मी म्हणाले, "बाई, पेढा घ्या."

बाहेर रिक्षात बसताना त्या एवढंच बोलल्या, "पत्रकात लई वरडतीस गं. मंग आत काय झाल्तं?"

मी दुकान सोडलं. त्याचं कौतुक नको, सोडायची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. चित्रं तिथंच आहेत. बाई अजून चित्रं काढतात, पण आता नाव मधोमध लिहितात, चौकोन फोडून. चित्र बिघडतं. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी लिहितात.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. दवाखान्यात, हॉटेलात, बँकेत असं चित्र दिसलं तर लाजू नका, वाका आणि खालची कड पाहा. नाव सापडलं तर तिथं बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा. नाही सापडलं तर मालकाला विचारा, हे कुणी काढलं? आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.