डावीकडचा दगड

माझा काका, राजाराम गजभिये, छतं दुरुस्त करतो. घरांची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इथल्या, अमेरिकेतल्या बँका, लायब्ऱ्या, थिएटरं, ज्यांच्या छताला प्लास्टरची पानं, फुलं, फळांच्या माळा लटकवलेल्या असतात, ती. एखादं फूल गळून पडलं की काका शेजारच्या धड फुलाचा सिलिकॉनचा साचा घेतो, त्यात प्लास्टर ओततो आणि नवं फूल असं बसवतो की कुठलं जुनं नि कुठलं नवं ते कुणाच्या बापाला कळत नाही. नागपूरला आर्किटेक्चर शिकला. इकडे येऊन दहा वर्षं ऑफिसात बसून मॉलच्या पार्किंगची ड्रॉइंगं काढली. मग एक दिवस उठला आणि प्लास्टरच्या बादलीत हात घातला तो घातलाच.

"शिकला आर्किटेक्चर आणि झाला गवंडी," त्याची बायको, कांता काकू, म्हणते.

"गवंडी नसता तर आर्किटेक्ट कागदावरच मेला असता नं," काका म्हणतो.

मी अकरावीत शाळा सोडली तेव्हा घरात एकच माणूस ओरडला नाही. तो हा. म्हणून मी त्याच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही राहतो त्या आयसेलिनपासून वीस मिनिटांवर एक जुनी बँक आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळाने ती घेतली. गणपती, नाटकं, लग्नं, सगळ्यासाठी स्वतःचा हॉल. समोर चार जाडजूड खांब, आत एवढं मोठं छत की मान दुखते. या स्टाइलला बोझार म्हणतात, पॅरिसच्या शाळेत शिकवायचे. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे पाहिजे, आणि रिकामी जागा दिसली की तिथे फुलांची माळ. मला आधी लग्नाचा केक वाटला होता. काकाने दोन हिवाळे, दर शनिवार-रविवार, ते छत फुकट दुरुस्त केलं. परांचीवर उताणं झोपून. डोळ्यांत चुना.

दाराबाहेर पितळी पाटी होती, त्यावर न्यूयॉर्कच्या एका बड्या आर्किटेक्टचं नाव. काकाला ते पटेना. "ह्याच्या बाकीच्या बिल्डिंगा पाहिल्या मी. त्या फुलांना जीव नाही. हा हात दुसऱ्याचा आहे."

टाउनच्या लायब्ररीत एक खोका निघाला. त्यात एडविन टॅलमन नावाच्या माणसाने बहिणीला लिहिलेली पत्रं. काका रोज थोडं वाचून आम्हाला जेवताना सांगायचा. पाथरवटाचा पोरगा. पैसे जमवून पॅरिसला गेला, शाळेच्या प्रवेश परीक्षेत दोनदा आपटला, तिसऱ्यांदा लागला. परत येऊन त्या बड्या आर्किटेक्टच्या ऑफिसात चिकटला. सोळा वर्षांत तीन बँका, दोन लायब्ऱ्या, एक कोर्ट कागदावर उतरवलं. पाट्या सगळ्या बॉसच्या. मग फॅशन बदलली, लोकांना खांब नको झाले, काच पाहिजे झाली. टॅलमनला काढून टाकलं. शेवटी गाड्यांच्या गॅरेजांची ड्रॉइंगं काढत होता. मेला तो भाड्याच्या खोलीत.

"म्हणजे काहीच नाही उरलं त्याच्या नावावर?" मी विचारलं.

"एक जागा आहे." एका पत्रात लिहिलं होतं की एका रविवारी, काम बंद असताना, त्याने बापाच्या छिन्नीने दाराच्या डावीकडच्या खालच्या दगडावर आपलं नाव कोरलं. बहिणीशिवाय कुणाला सांगितलं नाही.

आम्ही गेलो. दगड इतका झिजलेला की डोळ्यांना नुसत्या रेघा. फोटोत तर तेवढ्याही नाहीत. काकाने बोट फिरवलं आणि थांबला. माझं बोट धरून त्या खाचांवरून नेलं. ई. टॅलमन, १९११. काका किती वेळ तसाच उकिडवा बसून राहिला, माझे पाय आखडले.

तोवर मंडळाचे अध्यक्ष प्रताप काका यांना फॉल्स सीलिंग सुचलं होतं. एलईडीचे दिवे, एसीचे पाइप. फुलं झाकायची. "धूळ धरतात हो ती," म्हणे. थांबवायचा एकच रस्ता होता. टाउनच्या हेरिटेज कमिटीने बिल्डिंग यादीत घेतली, तर छताला कुणी हात लावू शकत नाही. कमिटी म्हणाली, त्या बड्या माणसाच्या पन्नास बिल्डिंगा आहेत, ही आणखी एक. पण खऱ्या करणाऱ्याची सही असलेली एकुलती एक असेल, तर गोष्ट वेगळी. पुढच्या गुरुवारी येऊन दगडाला हात लावून बघू.

काकाने मंडळाच्या मीटिंगमध्ये हे सगळं उभं राहून सांगितलं. दगड कुठला तेही. मी मागे बसले होते. वीस मिनिटं तो बोलला आणि त्यानंतर जेवणाचं बघणाऱ्या सीमा काकूंनी विचारलं, "उद्घाटनाला वडे इथेच तळायचे की बाहेरून मागवायचे?"

"काका, साचा घेऊन ठेव ना त्या नावाचा," मी घरी येताना म्हणाले.

"दगड ठिसूळ झाला आहे, जागू. सिलिकॉन ओढलं की उरलेली अक्षरंही सोबत येतील. गुरुवार काही दूर नाही."

रविवारी उद्घाटन होतं. आम्ही पोचलो तेव्हा दाराच्या डावीकडे काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला बसवलेली. वर हळदीकुंकू, खाली फोडलेला नारळ, त्याचं पाणी पायरीवर चिकट झालेलं. सोनेरी अक्षरांत प्लॅटिनम देणगीदार, गोल्ड देणगीदार, सिल्व्हर देणगीदार. सगळे आडनावासकट, काहींच्या पुढे डॉक्टर. सगळ्यांत खाली, बारीक अक्षरांत: "विशेष सहकार्य: राजाराम आणि टीम."

काका ते वाचत नव्हता. तो ग्रॅनाइटच्या मागे बोट घालायला फट शोधत होता.

"प्रतापराव, इथे खाली दगडावर नाव होतं."

"ते ओरखडे?" प्रताप काका हसले. रेशमी कुर्ता, गळ्यात हार. "आम्हाला वाटलं कुणी पोरांनी खरडलंय. शिला नीट बसेना, म्हणून ग्राइंडर फिरवून घेतला. बघा कसं प्लेन झालं!"

"मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं."

"राजारामजी, मीटिंगमध्ये किती गोष्टी होतात हो. चला, वडे गार होतायत."

मी आत गेले नाही. गाडीमागे जाऊन उभी राहिले. आतून टाळ्या ऐकू येत होत्या आणि तळणाचा वास येत होता. शंभर वर्षांपूर्वी बॉसने एकदा पुसलं होतं त्या माणसाला, आता आमच्या लोकांनी पुसलं. तेही नारळ फोडून.

बुधवारी मी काकाला म्हणाले, "जुना दगड मिळव कुठून तरी. तू कोर. तुझा हात कुणाला ओळखू येणार आहे? तसंही तुझं आयुष्य नक्कल करण्यातच गेलं."

"पडलेलं फूल परत लावतो मी. सही नाही करत दुसऱ्याची." मग म्हणाला, "काम एकाचं, नाव दुसऱ्याचं. बॉसने सोळा वर्षं हेच केलं नं टॅलमनसोबत?"

गुरुवारी कमिटीच्या बाई आल्या. काका म्हणाला, इथे होतं, आता नाही. बाईंनी माझ्या फोनमधला फोटो मोठा करून पाहिला, सॉरी म्हणाल्या आणि दहा मिनिटांत गेल्या.

आठवड्याने प्रताप काकांचा फोन. फॉल्स सीलिंगचं काम तुम्हीच बघा, छत तुम्हाला पाठ आहे. आणि काका हो म्हणाला! माझ्यासमोर!

"शी! तुला लाज नाही वाटत? थुंकायचं सोडून त्यांचे दिवे टांगतोस?"

"दुसरा कुणी आला तर सरळ फुलांत खिळे ठोकेल, बे," काका म्हणाला. "मी तारा फुलांच्या मधून नेईन, वरच्या लोखंडी तुळयांना बांधीन. एक पाकळी तुटणार नाही. उद्या कुणी ते फॉल्स सीलिंग उतरवलं तर आतून अख्खं छत निघेल."

"कोण उतरवणार?"

"मला काय माहीत?"

मी तीन दिवस तिकडे फिरकले नाही. चौथ्या दिवशी गेले, कारण तो एकटाच परांचीवर चढत होता आणि गुडघा दुखतो त्याचा. कोपऱ्यातलं एक फूल सुटलं होतं. दोन दिवसांनी ते झाकलंच जाणार होतं, तरी काकाने नवं ओतलं. ओलं असतानाच त्याच्या पाठीवर खिळ्याने लिहिलं: हे छत ई. टॅलमनने केलं. कुठली सही नाही, नुसती माहिती. आणि चहा घ्यायला खाली उतरला.

मी खिळा उचलला. त्याच्याखाली लिहिलं: दुरुस्ती, राजाराम गजभिये. गजभिये मोठ्या अक्षरांत.

काका वर आला. वाचलं. मला वाटलं आता खोडेल. खालून प्रताप काका विचारत होते, दिवे पिवळे बरे दिसतील की पांढरे.

"वर्ष राहिलं," काका मला म्हणाला. "वाळायच्या आत टाक."