लिहिलंय तेवढंच

१९९८ सालचा ऑक्टोबर. पाऊस संपलेला, उकाडा सुरू. मानपाड्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी कॉम्प्युटर लॅबचा शिपाई. शिक्षण सातवी. रिटायर व्हायला सहा महिने. असले किस्से कोणी जमवत नाही. कपाटावर धूळ बसते तसे ते बसतात. आता झटकायचाही कंटाळा येतो, म्हणून सांगून टाकतो.

देसाई मॅडम पोरांना टेक्निकल रायटिंग शिकवायच्या. म्हणजे एखादं काम कसं करायचं ते नीट लिहायचं. पोरं लिहिणार आणि वर्गाचं मासिक इंटरनेटवर टाकणार. मॅडमचा नियम एकच. "लेख आधी मामांकडे. मामा लिहिलंय तेवढंच करतील. काम झालं तर लेख पास."

मामा म्हणजे मी. मासिक मराठीत, कारण मला इंग्रजी येत नव्हतं.

*

पहिला लेख वैशालीचा. चहा कसा करावा. पाणी उकळलं, साखर, पावडर, दूध घातलं. शेवटी लिहिलेलं, 'गाळणीतून ओता.' मी बेसिनवर गाळणी धरली आणि ओतला.

"अहो मामा, कप!"

"लिहिलेला नाही."

*

एकाने लिहिलं, स्टेशनवरून कॉलेजला कसं यावं. लेख आधी कॉलेज ते स्टेशन असा होता. पठ्ठ्याने पायऱ्या उलट्या लावल्या, पण डावं-उजवं बदललंच नाही! मी पंधरा वर्षं त्याच रस्त्याने येतोय. पण नियम म्हणजे नियम. चालत चालत एका रंगाच्या कंपनीच्या गेटवर पोचलो.

वॉचमनने मला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "भरती बंद आहे, बाबा."

*

अंक इंटरनेटवर गेला. एका पोराने नौपाड्यातल्या सायबर कॅफेत काकाला दाखवायला नेला. स्क्रीनवर नुसता कचरा! तिथे मराठी फॉन्टच नव्हता. काका म्हणाला, "ह्याची फी भरतोय मी?"

मग सगळ्यांनी बसून लेख लिहिला, फॉन्ट कसा टाकावा. अंकाच्या पहिल्या पानावर लावला. आठवडाभर खूश होते.

मी विचारलं, "हा लेख कुठल्या फॉन्टमध्ये आहे?"

मॅडमने चष्मा काढून डोळे चोळले.

*

जानेवारीत निलेशने लिहिलं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद कसा काढावा. इथल्याच गावचा पोरगा, आजोबा मिठागरात राबलेले. मॅडम त्या दिवशी रजेवर. पायरी एक, झाकण उघडा. पायरी दोन, कागद जोरात ओढा. मी ओढला. कडकन आवाज झाला. प्रिंटर चालूच होता. हेड तुटलं.

प्राचार्य धावत आले. "मामा, अक्कल गहाण टाकली काय?"

निलेशने टेबलावरचा लेख उचलून बॅगेत टाकला. माझ्याकडे बघितलं नाही. नाव सांगितलं असतं तर पोराची टर्म गेली असती. मी सांगितलं नाही. रजेवरून आल्यावर मॅडमने विचारलं, तेव्हाही नाही. ओढणारा हात माझाच होता.

मेमो मिळाला. निष्काळजीपणा. पंधरा वर्षांच्या फाईलमधला पहिला कागद, ज्याची मला लाज वाटली. तोच घेऊन रिटायर व्हायचं होतं.

*

मार्चअखेर. माझे शेवटचे चार दिवस. निलेश लॅबमध्ये आला.

"मामा, एक लेख टेस्ट करायचाय."

"अंक बंद झाला रे."

"तरी करा."

शीर्षक होतं, मामांच्या फाईलमधून मेमो कसा काढावा.

'पायरी एक : प्रिंटर आधी बंद करा, हे लिहायला निलेश विसरला, असं प्राचार्यांना सांगा. (केलं आहे.)

पायरी दोन : ऑफिसमधून मामांची फाईल आणा.

पायरी तीन : मेमो काढा आणि फाडा.'

खाली प्राचार्यांची सही.

"टर्म?" मी विचारलं.

"गेली, मामा."

मी ऑफिसमध्ये जाऊन फाईल आणली. मेमो काढला. फाडला.

लेखावर लिहिलं, पास.