चिंचोक्यांची चढाई

माझं ठरत आलेलं लग्न पाच-शून्यने मोडलं.

आमचं गाव कवठे महांकाळकडचं. आमच्याकडे मुलीचा बाप आधी विहीर बघतो, मग मुलगा बघतो, आणि बहुधा विहीर बघूनच परत जातो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, पण हे आमच्या विहिरीला कुणी कळवलं नव्हतं. त्यात मी बी.ए. झालेला, म्हणजे शेताला निकामी आणि नोकरीला नको असलेला. तीन स्थळांनी नाही म्हटलं होतं. आईने तर माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायची वेळच ठरवून घेतली होती.

माझे वडील, दादा, पलटणीत नाईक होते आणि गुडघा मोडून घरी आले होते. (फुटबॉल खेळताना मोडला. गावात मात्र लढाईत मोडला असंच सांगायचं, अशी आम्हाला ताकीद होती!) दुष्काळात शेतात काम नाही आणि गुडघ्यामुळे पळणं नाही, म्हणून दादांनी बसल्या जागचा फुटबॉल काढला. जमिनीवर खडूने घरं घरं पाडून मैदान आखायचं. एकाचे अकरा चिंचोके, दुसऱ्याचे अकरा हरभरे, आणि चेंडू म्हणून सदऱ्याचं बटण. सामन्याआधी प्रत्येक गड्याला जागा आणि ड्युटी नेमून द्यायची. हा चढाईला, हा चेंडू पुरवायला, हा गोल राखायला. मग कवड्या टाकायच्या आणि जितक्या उताण्या पडतील तितकी घरं बटण सरकवायचं. आपल्या माणसाच्या घरात थांबलं तर पुन्हा आपलाच डाव, नाहीतर समोरच्याचा. मध्यंतरापर्यंत कुणाची ड्युटी बदलायची नाही. दादा चिंचोक्यांना नावाने हाका मारायचे आणि पुरवठा चुकला की त्यांच्या आईबापाचा उद्धार करायचे.

"पोराच्या मागं एवढं लागला असता तर कवाच चिकटलं असतं कुठंतरी," आई म्हणायची.

अशात आष्ट्याचं स्थळ आलं. मुलीचे वडील निवृत्त सुभेदार. ऊस, पाणी, दारात बैल, सगळं काही. मुलगी शालन. तिला मी सांगलीत एका लग्नात पाहिलं होतं. माझ्या पत्रावळीतली जिलबी कावळ्याने उचलली तेव्हा ती पोट धरून हसली होती आणि मला ती तिथल्या तिथे आवडली होती. हे त्या काळी बोलायची सोय नव्हती, म्हणून मी फक्त जेवण कमी केलं.

आष्ट्याला सगळं आश्चर्यकारकरीत्या नीट चाललं होतं. पोहे झाले, चहा झाला, विहिरीचा विषयही झाला. सुभेदार मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पानी न्हाई तर न्हाई. मानसं बरी हायती." आईने मनातल्या मनात हळद दळायलाही घेतली असेल. एवढ्यात सुभेदारांनी विचारलं, "नाईक, तुमी बी पलटनीत फुटबॉल खेळायचा म्हनं?"

संपलं! दादांनी खिशातून चिंचोक्यांची पिशवी काढली. (मुलगी बघायला जाताना माणूस चिंचोके का घेऊन जातो, हे मला अजून कळलेलं नाही.) ताज्या सारवलेल्या सोप्यात खडूने मैदान आखलं गेलं.

"बसा की मग समोर," सुभेदार म्हणाले.

"छ्या, छ्या! सायबांसमूर नाईक कसा बसंल? पोरगं बसंल."

आई पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्या कानाशी आली. "हर रं बाबा. सासऱ्याला हरवून कुनाचं लगीन झालंय?"

मला शालन हवी होती. मी हरायचं ठरवलं. सुभेदारांनी सहा हरभरे गोलापुढे तटबंदीसारखे उभे केले. मी माझे अकराच्या अकरा चिंचोके त्यांच्या हद्दीत चढाईला धाडले. माझा गोल उघडा, राखायला कुत्रं नाही! एवढ्या मूर्खपणाने कुणीही हरलं असतं.

पण झालं भलतंच. त्यांच्या हद्दीत जिकडे तिकडे माझेच चिंचोके. बटण कुठेही थांबो, घर माझंच! सुभेदारांचा डाव आला तरी बटण दोन घरं जाऊन पुन्हा माझ्याच माणसाच्या पायात. पहिला गोल झाला. मी घाबरून कवड्या डाव्या हाताने टाकल्या. दुसरा झाला. डोळे मिटून टाकल्या. तिसरा!

"शाब्बास रं पठ्ठ्या! हान!" दादा मांडीवर थाप मारून ओरडले. आईने त्यांना चिमटा काढला, तो त्यांना लागला नाही. दाराआडून शालनच्या बांगड्या वाजल्या. सुभेदारांच्या मिशा खाली येत होत्या. मध्यंतराला पाच-शून्य.

मी घाईघाईने सगळे चिंचोके उचलून मैदानाच्या एका कोपऱ्यात नेऊन बसवले.

"ह्ये काय?" सुभेदार म्हणाले.

"दमलेत," मी म्हणालो.

"चिंचोकं दमत्यात व्हय?" सुभेदारांचा आवाज चढला. "माझ्यावर दया करतोस?"

आईची कुजबुज दादांनीही ऐकली होती. माझी बाजू सावरायला ते पुढे सरसावले. "सायेब, गैरसमज नगं! पोरगं दया आत्ता न्हाई करत. त्ये पैल्यापासनंच हरायला बसलंय!"



"म्हंजी," सुभेदार सावकाश म्हणाले, "हरायला बसलेल्या गड्यानं मला पाच गोल घातलं?"

"व्हय सायेब!" दादा अभिमानाने म्हणाले.

सुभेदार उठले. पायाने मैदान पुसलं. "जितनारा जावई चालला असता. हरनारा बी चालला असता. असला न्हाई चालायचा. या आता."

शालन दाराआडून आत निघून गेली. या वेळी ती हसली नाही. मला रडू फुटत होतं, पण आधी सोपाभर पसरलेले चिंचोके वेचावे लागले.

सांगलीच्या स्टँडवर आमच्या गाडीचा पत्ता नव्हता. शेवटी दादांना राहवेना. त्यांनी बाकड्यावर खडूने मैदान आखलं.

"तीच चढाई लाव रं. लय भारी हुती. बगू मला आडवता येती का."

मी लावली. आता गमवायला काही उरलं नव्हतं, म्हणून जन्मात पहिल्यांदा जीव तोडून जिंकायला बसलो. एस.टी. लागायच्या आत सात गोल खाल्ले.

आई इतका वेळ पदर तोंडाला लावून बसली होती. सातव्या गोलाला तिने पदर काढला. "आरं मुडद्या, मग तितं बी असंच जितायला बसायचं हुतंस की!"

तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीत जीव तोडून जिंकायलाच बसतो. हार अजून एकदाही चुकलेली नाही, फक्त समोर सुभेदार नसतात.